जहाजाचं डोलणं, गायरो आणि दुबईला जाणारी केळी

प्रश्न रावेर तालुक्यातल्या एका केळी बागायतदाराचा आहे. ते लिहितात: "नाना, मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला. छोटी बोट लाटांवर जोरात डोलत होती, कुणीतरी बटण दाबलं आणि थोड्या वेळात ती शांत झाली. आत गायरोस्कोप फिरतो म्हणे. आमच्या गटाची केळी न्हावा शेवाहून दुबईला जातात. मागच्या पावसाळ्यात एका कंटेनरमधल्या पेट्या एका अंगाला सरकून चेंबल्या. एवढ्या मोठ्या जहाजावर असा गायरो का बसवत नाहीत? प्रवासी जहाजं डोलत नाहीत ती कशामुळे? तुम्ही जन्म इंजिनरूममध्ये काढला, म्हणून विचारतो."

भाऊ, आधी रोखठोक उत्तर देतो, मग खोलात शिरू. तुमची केळी ज्या जहाजावर चढतात त्यावर डोलणं थांबवणारा गायरो, म्हणजे जोरात फिरणारं जड चाक, नसतो. फिन, म्हणजे पाण्याखाली दोन्ही अंगांना उघडणारे पंख, तेही बहुतेक नसतातच. तळाच्या वळणावर दोन्ही अंगांनी बसवलेली एकेक लांब लोखंडी पट्टी असते, आणि ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, कॅप्टन असतो. बाकी भार त्या दोघांवर. प्रवासी जहाजांवर फिन असतात, आणि ती डोलत नाहीत असं नाही, कमी डोलतात. व्हिडिओतला गायरो खरा आहे, त्यात फसवाफसवी नाही. फक्त ते लहान बोटींचं काम आहे.

समुद्रात जहाज सहा तऱ्हांनी हलतं, पण आपला विषय एकच: डावी-उजवी कलणं, ज्याला आम्ही रोलिंग म्हणतो. पुढचं टोक वर-खाली होतं ते पिचिंग. पिचिंगला अडवायला जहाजाची अख्खी लांबी उभी असते. २००-३०० मीटर लांबीचं जहाज लांबीच्या दिशेनं कलवायला लाटेला प्रचंड जोर लागतो. रुंदी मात्र ३०-४० मीटरच, शिवाय तळाची वळणं गोलसर आणि गुळगुळीत. कललेलं जहाज पाणी स्वतःच सरळ करतं, पण सरळ होताना ते थांबत नाही, दुसऱ्या अंगाला जातं, तिथून परत येतं. हे आंदोलन मुरवायला पाण्याचं घर्षण फारच थोडं असतं.

आता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठवा. निंबाच्या फांदीला झोका बांधला की मागून लोटणारीला फार ताकद लागत नाही, वेळ साधावी लागते. झोका परत जायला निघाला त्या क्षणी बोटभर धक्का दिला तरी चार-सहा झोक्यांत पोरगी फांदीला पाय लावते. अवेळी लोटलं तर अंगातलं बळ वाया. झोक्याची वेळ दोराच्या लांबीनं ठरते, लोटणाऱ्याच्या जोरानं नाही. जहाजाचंही नेमकं हेच आहे. प्रत्येक जहाजाला डोलण्याची स्वतःची वेळ असते. येणाऱ्या लाटांची वेळ तिच्याशी जुळली की दोन मीटरची लाटही मोठ्या जहाजाला २०-२५ अंश कलवू शकते. वेळ जुळली नाही तर त्याहून मोठी लाट नुसती हलवून निघून जाते.

ही वेळ ठरते कशानं? एक रुंदी आणि दुसरं जीएम, म्हणजे मेटासेंट्रिक उंची. कललेलं जहाज किती ओढीनं सरळ होऊ पाहतं त्याचं हे माप. वजन तळाशी असेल तर जीएम मोठं, वर चढवलं तर लहान. ढोबळ हिशेब असा: रुंदीला ०.८ नं गुणायचं आणि जीएमच्या वर्गमुळानं भागायचं, येतात ते सेकंद. ३२ मीटर रुंद जहाजाचं जीएम १ मीटर असेल तर एक पूर्ण हेलकावा, म्हणजे डावीकडून उजवीकडे आणि परत, सुमारे २६ सेकंदांचा. जीएम ४ मीटर झालं की तोच १३ सेकंदांत.

जमिनीवरच्या माणसाला वाटतं, जीएम जितकं जास्त तितकं जहाज भक्कम. उलटण्यापुरतं ते खरंही आहे. पण मुरगावहून लोखंडाचं खनिज भरून निघालेल्या बल्क कॅरिअरवर, म्हणजे सुटा माल नेणाऱ्या जहाजावर, एक पावसाळा काढा म्हणजे कळेल. खनिज इतकं जड की होल्डच्या (माल भरायच्या कोठाराच्या) तळाशी थोडीशी रास केली की जहाज भरलं, वरचा सगळा होल्ड रिकामा. सगळं वजन खाली, जीएम मोठं, आणि जहाज हिसके देत डोलतं. असं जहाज 'स्टिफ' म्हणायचं. कोन फार मोठा नसतो, पण हिसका असा की बंकमधून माणूस फेकला जातो. उलट कमी जीएमचं 'टेंडर' जहाज सावकाश, लांब झुकतं आणि तिकडेच जरा रेंगाळतं. अंगाला ते बरं वाटतं, पण अनुभवी मेटला (कॅप्टनच्या हाताखालच्या अधिकाऱ्याला) त्या रेंगाळण्याचीच जास्त धास्ती असते. अरबी समुद्रात नैर्ऋत्य मोसमात लाटा साधारण ८ ते १२ सेकंदांच्या येतात. आता वरचा हिशेब त्याशेजारी ठेवा, म्हणजे कुठलं जहाज कधी अडचणीत येईल ते तुमचं तुम्हीच सांगाल.

इंजिनरूममध्ये रोलिंग कसं दिसतं तेही सांगतो, कारण लोक फक्त उलट्यांचा विचार करतात. जहाज २५ अंश कललं की इंजिनच्या तळाच्या टाकीतलं (सम्पमधलं) वंगणाचं तेल एका अंगाला जातं, पातळी कमी झाल्याचा अलार्म वाजतो, पंपाच्या तोंडाशी तेलाऐवजी हवा आली तर इंजिन आपोआप मंदावतं किंवा बंद पडतं. इंधनाच्या टाक्यांच्या तळाशी महिनोन्‌महिने बसलेला गाळ ढवळून वर येतो आणि फिल्टर चोक होतात. वादळात माणसं फिल्टर उघडून साफ करत बसलेली असतात, एका हातानं स्पॅनर आणि दुसऱ्यानं रेलिंग धरून. समुद्राचं पाणी घेणारं वरचं तोंड लाटेबाहेर आलं तर कूलिंगमध्ये हवा शिरते, म्हणून खुल्या समुद्रात आम्ही खालच्या सक्शनवर असतो. आणि अशा समुद्रात इंजिन बंद पडलेलं जहाज आपोआप लाटेला आडवं होतं. म्हणजे जास्तीत जास्त रोलिंग होईल अशाच स्थितीत.

आता उपाय. सगळ्या उपायांमागे तत्त्व एकच आहे. कललेल्या जहाजाला सरळ करणं हे काम पाणी करतंच, त्याला आपली मदत नको. आपण विरोध करायचा तो कलण्याच्या वेगाला. जहाज ज्या क्षणी ज्या दिशेला जात असेल, त्या क्षणी त्याच्या उलट ओढायचं. झोका थांबवायचा तर दोर धरून लोंबकळायची गरज नाही, येता-जाता तळवा जमिनीला घासला तरी पुरे. पट्टी, टाकी, गायरो, फिन, सगळी यंत्रं हा तळवा घासण्याचंच काम करतात. फरक इतकाच, की कोण किती जोरात आणि कुठल्या परिस्थितीत घासू शकतं.

सगळ्यात साधी ती पट्टी, बिल्ज कील. तळ आणि बाजू जिथे गोल वळणानं मिळतात तिथे, जहाजाच्या मधल्या भागात लांबीच्या साधारण पाव ते निम्म्यापर्यंत, फूट-दोन फूट ते मीटरभर रुंदीची पत्र्याची कड उभी केलेली असते. जहाज डोललं की ती पाण्यात आडवी ओढली जाते, कडेशी भोवरे उठतात, आणि डोलण्याची ऊर्जा त्या भोवऱ्यांत जाते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्यानं १८६१ मध्ये लाटांतल्या जहाजाच्या डोलण्याचं गणित मांडलं आणि पुढे १८७० च्या दशकात प्रयोग करून या पट्टीचा उपयोग दाखवून दिला. ड्राय डॉकमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या कोरड्या गोदीत, जहाजाखाली उभं राहून पाहिलं तर एक बारकावा दिसतो. ही कड थेट जहाजाच्या पत्र्याला वेल्ड करत नाहीत. आधी पत्र्यावर एक चपटी पट्टी लावतात, कड त्या पट्टीवर बसवतात. कारण ही कड खडकाला, गाळाला, कधी गोदीच्या ठोकळ्याला लागून फाटते. फाटली तर फाटो, पण तडा जहाजाच्या अंगात जाता कामा नये. बिल्ज कीलला वीज लागत नाही, माणूस लागत नाही, बटण नाही. जगातल्या बहुतेक मालवाहू जहाजांचा सगळा स्टॅबिलायझर, म्हणजे डोलणं कमी करणारी सोय, ही एवढीच पट्टी. मला विचाराल तर जहाजबांधणीतली पैशाला सगळ्यात जास्त मोबदला देणारी वस्तू हीच.

याच काळात दुसरं टोकही गाठून झालं. पोलाद स्वस्त करणाऱ्या हेन्री बेसेमरला समुद्र लागायचा, भयंकर. त्यानं ठरवलं, जहाज डोलेना का, बसायची खोली स्थिर ठेवू. १८७५ मध्ये इंग्लिश खाडीसाठी 'बेसेमर' नावाचं जहाज निघालं, मधोमध आसावर टांगलेला भला थोरला दिवाणखाना, तो हायड्रॉलिकनं सरळ राखायचा. जहाज सुकाणूला दाद देईना. कॅले बंदरात धक्क्याला जाऊन धडकलं आणि कल्पना तिथेच संपली.

टाक्यांचा उपाय मात्र टिकला. जहाजाच्या आरपार इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची टाकी, दोन्ही बाजूंना उभे हौद आणि खालून जोडणारा बोगदा. आकार असा ठेवायचा की आतल्या पाण्याचं इकडून तिकडे जाणं जहाजाच्या डोलण्याच्या पाव फेरीनं मागे राहील. मग जहाज वर उठत असलेल्या अंगाला नेमकं पाणी जमलेलं असतं आणि ते त्या उठण्याला दाबतं. जर्मनीत हेर्मान फ्रामनं १९१० च्या सुमारास ही पद्धत चालती केली. मोठा फायदा असा, की जहाज उभं असलं तरी टाकी काम करते. म्हणून संशोधन नौका, तेलविहिरींना सामान पोचवणाऱ्या बोटी, मच्छीमार जहाजं यांवर ती आजही दिसते. तोटा असा, की मोकळं हलणारं पाणी जहाजाचं जीएम खातं, आणि लाटेची वेळ टाकीच्या वेळेपासून लांब गेली तर तीच टाकी डोलणं वाढवूही शकते.

आता तुमचा गायरो.

घरी करून बघा: सायकलचं पुढचं चाक काढा, आस दोन्ही हातांत धरा, दुसऱ्याला ते जोरात फिरवायला सांगा आणि मग चाक डावीकडे कलवायचा प्रयत्न करा. चाक तुमचं ऐकत नाही, भलत्याच दिशेला, काटकोनात वळू बघतं. फिरत्या चाकाला एका दिशेनं पिळलं की ते काटकोनात सरकतं, याला प्रिसेशन म्हणतात. जहाजातल्या गायरोचं जड चाक आडवं फिरतं, त्याचा आस उभा. ज्या चौकटीत ते बसवलेलं असतं ती दोन आडव्या बेअरिंगांवर अशी टांगलेली असते की तिला फक्त पुढे-मागे झुकता यावं, डावी-उजवी नाही. जहाज उजवीकडे कलू लागलं की चौकट पुढे किंवा मागे झुकते, आणि झुकताना बेअरिंगांमार्फत जहाजाच्या सांगाड्यात डावीकडचा पीळ उतरतो. पीळ किती? चाकाचा फिरता संवेग गुणिले झुकण्याचा वेग. म्हणजे चाक जड हवं, जोरात फिरायला हवं, आणि चौकट योग्य वेगानं झुकायला हवी.

ऑटो श्लिक या जर्मन अभियंत्यानं १९०६ मध्ये 'झेबेर' नावाच्या जुन्या टॉर्पेडो बोटीवर हे करून दाखवलं. सुमारे १५ अंशांचं डोलणं अंशभरावर आलं. त्याची चौकट आपसूक झुकायची, वर फक्त ब्रेक. त्यातली उणीव अमेरिकेतल्या एल्मर स्पेरीनं हेरली: जहाज बरंच कलल्यावर चाक जागं होतं, तोवर उशीर झालेला असतो. त्यानं एक छोटा पहारेकरी गायरो ठेवला. तो कलण्याची पहिली चाहूल टिपणार आणि मोटर लावून मोठ्या चाकाची चौकट लगेच झुकवणार. १९१२ मध्ये अमेरिकी नौदलाच्या 'वर्डेन' या विनाशिकेवर ते बसलं. माझ्या मते स्पेरीचं खरं देणं मोठं चाक नव्हे, ते छोटं. कारण मोठं चाक नंतर मागं पडलं, पण 'आधी ओळखा, मग उलट ओढा' ही रीत आजही विजेवर चालणाऱ्या स्टॅबिलायझरमध्ये आहे.

मोठ्या जहाजावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग इटलीच्या 'कॉन्ते दी साव्होया' या प्रवासी जहाजावर झाला, १९३२ मध्ये. तीन गायरो, प्रत्येकाचं चाक चार मीटर व्यासाचं आणि शंभरेक टनांचं. जाहिरातींत मोठा गाजावाजा. प्रत्यक्षात डोलणं कमी झालं, संपलं नाही, आणि ही वाट तिथेच थांबली. कारणं यंत्रातच आहेत. पहिलं, जहाज मोठं होतं तसा लागणारा पीळ भराभर वाढतो, आणि तो पुरवणारं चाक, त्याची बेअरिंगं, त्याखालचा पाया, सगळं अवजड आणि महाग होत जातं. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गायरो पीळ देतो तो चौकट झुकत असताना. ती साठ-सत्तर अंश झुकली की शिदोरी संपली. म्हणून छोट्या, नियमित लाटेत तो छान चालतो. पण वारा एका बाजूनं सतत दाबतोय किंवा लांब, संथ लाट जहाजाला दहा-दहा सेकंद एकीकडे कलवून धरतेय, तिथे गायरो टोकाला जाऊन बसतो.

लहान बोटीत हीच गोष्ट उलटी पडते. बोट हलकी, डोलण्याची वेळ दोन-चार सेकंदांची, त्यामुळे चौकटीला टोक गाठायला सवडच मिळत नाही. गेल्या वीसेक वर्षांत सीकीपरसारख्या कंपन्यांनी चाक हवाबंद गोळ्यात, निर्वात जागेत बसवलं. हवेचा अडथळा गेल्यावर चाक मिनिटाला हजारो फेऱ्यांनी फिरू लागलं, वीज कमी लागली, वजन आटलं. तरी एक गोष्ट त्या व्हिडिओत दिसत नाही. चाकाला पूर्ण वेग घ्यायला अर्धा-पाऊण तास लागतो. ते आधीच फिरत ठेवलेलं असतं, बटणानं फक्त अडकवलेली चौकट मोकळी होते.

एक खुलासा इथेच करतो, कारण गावाकडे पोरं मला हटकून विचारतात: "मामा, प्रत्येक जहाजावर गायरो असतो ना?" असतो, पण तो गायरो कंपास. तो खरी उत्तर दिशा दाखवतो, १९०८ पासून जहाजांवर आहे आणि डोलण्याशी त्याचा काही संबंध नाही.

मग मोठी प्रवासी जहाजं काय करतात? फिन. पाण्याखाली, बिल्ज कीलच्या रांगेत, दोन्ही अंगांना एकेक पंख. जपानमध्ये मोतोरा यांनी १९२० च्या दशकात ते केलं, आणि ब्रिटनमध्ये डेनी-ब्राउन बनावटीचे फिन १९३६ मध्ये 'आइल ऑफ सार्क' या इंग्लिश खाडीतल्या फेरीबोटीवर बसल्यावर त्यांचा प्रसार झाला. 'क्वीन मेरी' डोलण्यासाठी इतकी बदनाम होती की तिला विशी उलटल्यावर, १९५८ मध्ये फिन बसवले.

फिनच्या खोलीत एकदा उतरून बघण्यासारखं असतं. इंजिनरूमच्या एका कुशीला, पाण्याच्या रेषेच्या बरीच खाली अरुंद जागा. समोर जहाजाच्या अंगात बसवलेली पोलादी पेटी, तिच्यात फिन मिटून ठेवायचा. पेटीतून आत येणारा जाडजूड शाफ्ट, त्यावर हायड्रॉलिक सिलिंडर, बाजूला पंप आणि तेलाची टाकी. बंदराबाहेर पडून पुरेसं पाणी मिळालं की ब्रिजवरून सांगतात, 'फिन आऊट'. पिन सुटते, सिलिंडर कण्हतो आणि सात-आठ चौरस मीटरचा, मोठ्या जहाजावर त्याच्या दुप्पटही, पंख बाहेर उघडतो. पुढे शाफ्ट सतत इकडून तिकडे वळत राहतो, वीसेक अंशांपर्यंत, दर काही सेकंदांनी. तुम्ही शाफ्टकडे बघत उभे असता आणि पायाखाली मात्र फारसं काही हलत नसतं. उजवा फिन पुढून वर, डावा खाली. विमानाच्या पंखासारखाच एकीकडे उचल आणि दुसरीकडे दाब. कधी किती वळायचं ते कंट्रोलर ठरवतो. त्याला जहाजाचा कोन, कलण्याचा वेग आणि त्या वेगातला बदल, तिन्ही सांगणारा सेन्सर असतो. तो सेन्सर म्हणजे गायरोच, पूर्वी फिरत्या चाकाचा, आता बहुधा हातात मावणारा इलेक्ट्रॉनिक. मोठ्या जहाजाच्या डोलण्याशी गायरोचा आज राहिलेला संबंध एवढाच: ओळखायचं काम गायरोचं, ताकदीचं काम फिनचं.

बंदरात शिरताना 'फिन हाऊस्ड' असा दिवा ब्रिजवर लागल्याशिवाय पुढे जायचं नसतं. उघडा राहिलेला फिन धक्क्याला किंवा टगला (जहाज ओढणाऱ्या छोट्या बोटीला) लागला तर फिन जातो, शाफ्ट वाकतो, आणि सील फाटलं तर त्या अरुंद खोलीत समुद्र येतो. म्हणून जहाजाच्या बाहेरच्या अंगावर फिन कुठे आहेत त्याच्या ठळक खुणा रंगवलेल्या असतात.

उत्तम फिन योग्य वेगाला डोलणं ८०-९० टक्क्यांपर्यंत कमी करतात. 'योग्य वेगाला' हे शब्द सोडू नका. फिनची ताकद वेगाच्या वर्गावर चालते. २० नॉटला (तासाला २० सागरी मैल) जेवढी, १० नॉटला तिच्या पाव. नांगरावर उभ्या जहाजाला साधे फिन काही देत नाहीत. महागड्या यॉटवर उभ्यानं पंख मारणारे फिन असतात, ते वेगळे.

आणि फिन पिचिंगला हात लावत नाहीत. पोट ढवळतं ते मुख्यतः वर-खाली होण्यानं, त्यातही पाच-सहा सेकंदांच्या लयीत. त्यामुळे समोरून लाटा येत असताना फिन उघडे असूनही लोक पिशव्या धरून बसलेले दिसतात. कुणी क्रूझला निघालं तर मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या म्हणावं. पुढच्या टोकाची वरची केबिन दिसायला झकास, पण झोपाळा तिथेच सगळ्यात मोठा.

आता कंटेनर जहाजावर फिन का नाहीत? पैसा आहेच, ओढीमुळे जळणारं जादा इंधन आहे, पेटीसाठी जाणारी जागा आहे. पण त्यापलीकडचं कारण असं. इंधन वाचवायला ही जहाजं आता संथ चालतात, आणि वादळात तर वेग आणखी कमी करावाच लागतो. म्हणजे फिनची गरज सगळ्यात जास्त, त्याच वेळी त्यांची ताकद सगळ्यात कमी. शिवाय कंटेनर जहाजाचं मोठं दुखणं बाजूच्या लाटेचं नाही, समोरच्या लाटेचं आहे. त्यांची नाळ, म्हणजे पुढचं टोक, वर पसरट, मागचा भाग रुंद आणि चपटा, मध्य सरळ. लाटेचा माथा जहाजाच्या मध्याखाली आला की दोन्ही टोकांना पाणी कमी पडून जीएम घटतं, माथा टोकांशी गेला की वाढतं. हे घट-वाढ जहाजाच्या एका हेलकाव्यात दोनदा झालं की झोक्यावर उभी राहून गुडघे वाकवत-ताणत स्वतःच झोका चढवणाऱ्या पोरीसारखं होतं: बाहेरून कुणी लोटत नाही आणि झोका चढतच जातो. याला पॅरामेट्रिक रोलिंग म्हणतात. ऑक्टोबर १९९८ मध्ये प्रशांत महासागरात 'एपीएल चायना' हे जहाज असंच ३५-४० अंशांपर्यंत कललं आणि शेकडो कंटेनर समुद्रात गेले. नोव्हेंबर २०२० मध्ये 'वन एपस' जहाज वादळात जोरात डोललं, तेव्हा १,८०० हून अधिक कंटेनर गेले.

यावर इलाज ब्रिजवरच. दिशा वीस-तीस अंश बदलली किंवा वेग दोन-तीन नॉट कमी-जास्त केला की लाटा भेटण्याची वेळ बदलते आणि ताल मोडतो. आज कॅप्टनला हवामानाचे अंदाज आणि जहाजाच्या लोडिंग संगणकावरून धोक्याच्या वेग-दिशांचे तक्ते मिळतात. मुंबईहून दुबईच्या वाटेवरच्या होर्मुझच्या सामुद्रधुनीकडे जाताना जुलैत नैर्ऋत्येची लाट डाव्या कुशीवर आणि जरा पुढून येते. कॅप्टन थोडा पश्चिमेकडे चढून जातो, मग वळून लाट पाठीवर घेतो. अंतर वाढतं, तास जातात, कंपनीचे फोन येतात. चांगला कॅप्टन ते ऐकून घेतो.

तुमच्या पेट्यांचं आता. जहाज ३० अंश कललं की वजनाचा निम्मा भाग बाजूला ओढू लागतो. २० टन केळी म्हणजे १० टनांचा जोर कंटेनरच्या एका भिंतीवर, काही सेकंदांनी तोच दुसऱ्या भिंतीवर, असं रात्रभर. डेकवर वरच्या थरात कंटेनर असेल तर हिसक्याचा जोर त्यात आणखी भर घालतो. कुठल्या थरात ठेवायचा ते तुमच्या हातात नसतं. आतली मांडणी असते.

पेट्या चेंबल्या म्हणजे आत सरकायला जागा होती. पॅलेटवर पेट्यांचे कोपरे एकावर एक अचूक बसलेले हवेत, कारण पेटीची ताकद कोपऱ्यात असते. उभ्या कोपऱ्यांना अँगल-बोर्ड लावून पट्ट्यांनी आवळा. पॅलेट आणि भिंत यांतली फट, आणि विशेषतः दाराजवळची शेवटची फट, मोकळी सोडू नका. तिथे आडवे बार किंवा हवेच्या पिशव्या लावा. मात्र रीफरमध्ये, म्हणजे थंड कंटेनरमध्ये, १३-१४ अंशांची हवा खाचांच्या फरशीतून वर येते, तिचा मार्ग बुजवू नका, आणि आतल्या लाल रेषेच्या वर एकही पेटी चढवू नका. माल सरकून फट पडली की गार हवा सोप्या वाटेनं निघून जाते आणि मागची केळी वाटेतच पिकायला लागतात. तुमच्या त्या कंटेनरमध्ये चेंबलेल्या पेट्यांपेक्षा हे नुकसान जास्त झालं असेल, तापमानाची नोंद मागवून पाहा.

दार बंद करण्याआधी आतले फोटो काढा, तारीख-वेळेसकट. वादळ लागलं असेल तर कॅप्टन पुढच्या बंदरात सी प्रोटेस्ट, म्हणजे वादळाबद्दलचं अधिकृत निवेदन, नोंदवतो, त्याची प्रत फॉरवर्डरकडून (माल पाठवणाऱ्या एजंटकडून) मागता येते. विमा सर्व्हेअर ती विचारतोच. पॅकिंग अपुरं होतं हे दाखवता आलं की जहाज कंपनी भरपाईतून सुटते, समुद्री वाहतुकीच्या नियमांतला हा जुना अपवाद आहे. म्हणून ते फोटो आणि पॅलेटच्या पट्ट्यांची बिलं एकाच फाईलला लावून ठेवा.